मतदान न करणाऱ्यांचा जाहीर सत्कार

भुसावळात सत्काराला निमित्त लागत नाही. पोरगं बारावी सुटलं, मेव्हणा तालुका उपाध्यक्ष झाला, रेल्वेतून कुणी निवृत्त झालं, की चौकात फ्लेक्स चढतो आणि शाल-श्रीफळ निघतं. एवढ्या उदार गावानं एका वर्गावर मात्र कायम अन्याय केलाय. मतदानाच्या दिवशी जो घराबाहेर पडत नाही, त्याच्या गळ्यात आजवर कुणी हार घातलेला नाही. उलट त्याच्यासाठी शाळेतल्या पोरांकडून संकल्पपत्रं भरून घेतली जातात, रांगोळ्या काढल्या जातात, केंद्रावर सेल्फी पॉइंट उभे राहतात, आणि तो बिचारा एसी लावून पडलेला असतो. अशा सर्व मंडळींचा एकदा जाहीर सत्कार व्हावा, अशी माझी सूचना आहे. सत्कारमूर्ती येणार नाहीत हे धरूनच मांडव घालावा.

१३ मे २०२४ ला रावेर लोकसभेचं मतदान झालं. भुसावळ त्याच मतदारसंघात. भुसावळचा मे महिना बाहेरच्याला सांगून पटत नाही आणि इथल्याला सांगावा लागत नाही. त्या उन्हात शंभरातले चौसष्ट जण बाहेर पडले. शेजारच्या जळगाव मतदारसंघात अठ्ठावन्न. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांची कारणं खरी होती. कुणी गाडी घेऊन खंडव्याकडे गेलेला, कुणी पोटासाठी सुरतेला, कुणाचं नाव यादीतून उडालेलं. त्यांना या सत्कारात धरलेलं नाही. माझे सत्कारमूर्ती वेगळे. त्यातलेच एक आमचे साहेब. केंद्र घरापासून गाडीनं दोन मिनिटांवर, गाडीतही एसी, आणि तरी दुपारी फोनवर मला म्हणाले, "अहो, आपल्या एका मतानं काय फरक पडतो?"

साहेब अगदी बरोबर बोलले. त्यांच्या मतानं काहीच फरक पडत नाही, कारण त्यांना जे हवं ते मत न देताच मिळतं. बापाच्या इस्टेटीवरचा मृत्यूकर त्यांना खुपत होता. १९८५ साली राजीव गांधींच्या सरकारात विश्वनाथ प्रताप सिंहांनी तो काढून टाकला. संपत्ती कर नको होता. २०१५ मध्ये अरुण जेटलींनी तो काढला. बदल्यात कोटीच्या वर कमावणाऱ्यांवर दोन टक्के अधिभार लावला, हे सांगायला हवं, नाहीतर साहेबांचे सीए मला पत्र लिहितील. मग २० सप्टेंबर २०१९ ला निर्मला सीतारामन यांनी कंपनी कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. वर्षाला १.४५ लाख कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल, हा आकडा सरकारनंच दिला. दुसऱ्याच दिवशी, २१ तारखेला, महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. महिनाभर भोंगे फिरले. जळगावला पंतप्रधान आले, काश्मीरच्या ३७० कलमावरून विरोधकांना आव्हान देऊन गेले. कंपनी कराचं नाव मात्र आमच्या गल्लीत एकाही भोंग्यातून आलं नाही, ना या पक्षाच्या ना त्या.

सरकारं बदलली, साहेबांचं काम अडलं नाही. ते कुठल्या रांगेत उभे होते का? बोटाला शाई तरी होती का?

विद्वानांची पुस्तकं वाचली की साहेबांचं मोठेपण आणखी कळतं. अरेंड लाइपहार्ट नावाच्या राज्यशास्त्रज्ञानं १९९७ मध्ये असं मांडलं, की मतदान कमी झालं की गरीबच जास्त गळतो, मग धोरणं आपोआप श्रीमंताकडे झुकतात. म्हणून मतदान सक्तीचं करा. अमेरिका-युरोपाकडे बघितलं तर ते पटतं. आपल्याकडे उलट आहे. योगेंद्र यादवांसारखे अभ्यासक नव्वदच्या दशकापासून सांगताहेत की भारतात गरीब माणूस मतदानात मागे नाही, अनेकदा पुढेच आहे. २०२४ च्या लोकसभेत आपल्या खान्देशातल्या नंदुरबारमध्ये सत्तर टक्के मतदान झालं, गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास बहात्तर. दक्षिण मुंबईत पन्नास. मानवी विकासाच्या यादीत नंदुरबारला राज्यात तळाची जागा मिळालेली. देशातलं पहिलं आधार कार्डही २०१० मध्ये नंदुरबारच्याच टेंभली गावात दिलं गेलं. म्हणजे मतदार म्हणून हजर, आधारवर हजर, आणि पगाराच्या दिवशी ऊसतोडीला किंवा गुजरातेत हजर. पुस्तकातलं गणित खरं असतं, तर एव्हाना मलबार हिलची माणसं नंदुरबारच्या मजूर नाक्यावर काम मागायला उभी दिसली असती.

ती दिसत नाहीत. मार्च २०२४ मध्ये पॅरिसचे अर्थशास्त्रज्ञ थॉमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडे. दोनच महिन्यांत मतदान होतं. विषय निघाला, नाही असं नाही. एप्रिलात काँग्रेसचे सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल काहीतरी बोलले, भाजप तुटून पडायचा तसा तुटून पडला, आणि काँग्रेसनं "आमचा तसा विचारच नाही" म्हणून हात झटकले. अख्ख्या निवडणुकीत विषमता कमी करायचं धोरण एकदाच दारात आलं आणि सगळ्यांनी मिळून दार लावून घेतलं. आमच्या चौकात भाड्याच्या हातगाडीवर केळी विकणारा एक जण मला काळजीनं विचारत होता, "भाऊ, अर्धं सरकार घेऊन जाईन म्हणे?" मी म्हटलं, "बापा, तुझं अर्धं म्हणजे किती?" तर म्हणतो, "ते नाही माहीत. पण घेऊन जाईन म्हणे."

मग गरिबाच्या मताला काही किंमतच नाही का? आहे. २०२४ च्या पावसाळ्यात ती जाहीरही झाली: महिना दीड हजार. लाडकी बहीण योजना जूनच्या अर्थसंकल्पात आली, नोव्हेंबरच्या मतदानाआधी पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार रुपये, खात्यावर पडले. रावेरच्या बाजारात केळीचा भाव चढावा तसा मग भाव चढला. महायुती म्हणाली २,१००, महाविकास आघाडी म्हणाली ३,०००. बायकांच्या मतदानाचा आकडा २०१९ च्या ५९ टक्क्यांवरून ६५ वर गेला. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या अक्कांना साहेबांनी ऐकवलं, की अशानं देश बुडेल. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मले दीड हजार भेटले, त्यात पोरीची फी गेली. देश बुडाला तं सांगजा."

मी अक्कांच्या बाजूचा आहे. दीड हजारानं घरात बाईचा शब्द थोडा वर जातो, हे ज्यांना दिसत नाही त्यांनी कधी महिनाअखेर बघितलेली नाही. पण पुढचं ऐका. निवडणूक झाली आणि तपासणी सुरू झाली. चारचाकी आहे का, उत्पन्न अडीच लाखांवर आहे का, दुसऱ्या योजनेतून पैसे मिळतात का, मग ई-केवायसी. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेला ३६ हजार कोटी ठेवले आणि २,१०० चा विषय पुढे ढकलला. अपात्रांना वगळायला माझी हरकत नाही. फक्त कंपनी करातल्या त्या १.४५ लाख कोटींची ई-केवायसी कुठल्या सेतू केंद्रावर झाली, तेवढं कुणी सांगावं. (एक आकडा राज्याचा, दुसरा देशाचा, तुलना शास्त्रशुद्ध नाही. साहेब, फोन ठेवा.)

परदेशात मात्र मतानं खरोखर धोरण हललेलं आहे. ब्राझीलमध्ये पूर्वी मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव किंवा क्रमांक लिहावा लागे. कमी शिकलेल्यांची लाखो मतं त्यात बाद व्हायची. नव्वदच्या दशकात मतदान यंत्रं आली, उमेदवाराचा फोटो दिसायला लागला, आणि गरिबांची मतं मोजणीत धरली गेली. थॉमस फुजिवारा या अर्थशास्त्रज्ञानं नंतर दाखवलं, की त्यामुळे सरकारी आरोग्यसेवेवरचा खर्च वाढला आणि कमी शिकलेल्या आयांची कमी वजनाची बाळं कमी झाली. तिथे यंत्र आलं तर दवाखान्यात डॉक्टर आला. आपल्याकडे यंत्र आलं तर यंत्रावरच वीस वर्षं भांडण सुरू आहे.

मतदान वाढवायला शेजारच्या गुजरातनं वेगळा इलाज काढला होता. स्थानिक निवडणुकीत मतदान सक्तीचं, न केल्यास शंभर रुपये दंड. २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. बरं झालं, आमच्या साहेबांनी दहा निवडणुकांचा दंड आगाऊ भरून पावती फ्रेम केली असती. त्याच गुजरातच्या सुरतेत २०२४ ला उलटच झालं. तिथे राहणारे आपले खान्देशी मतदार तयार होते, पण लोकसभेचे उमेदवार मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्यानं मतदानच झालं नाही.

आता जरा घरचं. फैजपूर भुसावळपासून जवळच. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, अध्यक्ष पंडित नेहरू. तेव्हा मत द्यायचा हक्क शेतसारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला, शिकलेल्याला. दर शंभर माणसांत दहा-पंधरांना. त्या फैजपुरात प्रौढ मतदानावर निवडलेली घटना समिती मागितली गेली आणि त्याच अधिवेशनात शेतीचा कार्यक्रमही मंजूर झाला: सारा आणि खंड कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, शेतमजुराला पोटभर मजुरी द्या. त्यात आणखी एक कलम होतं, ठरावीक मर्यादेवरच्या शेती उत्पन्नावर इतरांसारखाच आयकर लावा! हे कलम आज यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात मोठ्यानं वाचून बघा. आधी खुर्च्या सरकतील, मग माईक बंद पडेल. साहेबांनी नुकतीच कागदावर सात एकर केळी लावली आहे, त्यांना तर घेरीच येईल.

ज्यांना मत नव्हतं त्यांच्यासाठी फैजपुरात एवढं मागितलं गेलं. आता सगळ्यांना मत आहे आणि मागणं काय, तर हप्ता कधी पडणार.

आणि मत असलं तरी ते द्यायला निवडणूक लागते. भुसावळ नगरपालिकेचीच गोष्ट घ्या. जुन्या सभागृहाची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि राज्यातल्या नगरपालिकांचं मतदान लागलं थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं गाव प्रशासकाच्या हाती. हतनूर धरण तालुक्यातच, तापी उशाशी, तरी नळाला पाणी कितव्या दिवशी येईल यावर पैजा लागतात. केंद्रात जलशक्ती खातं सी. आर. पाटलांकडे, जन्म जळगाव जिल्ह्यातला, निवडून देणारे नवसारीचे. त्यामुळे तक्रार कुणी कुणाकडे करावी हाही प्रश्नच. बंगल्यात बोअर आहे, गच्चीवर टाकी आहे, खाली फिल्टर आहे. झोपडपट्टीत ड्रम आहे. आर्थिक विषमता म्हणजे काय ते बघायला पॅरिसहून कुणाला बोलवायची गरज नाही, पाणी यायच्या दिवशी पहाटे चार वाजता या.

मात्र गरिबासाठी धोरण कधी झालंच नाही, असंही नाही. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात खडी फोडणारी माणसं मतदान आटोपून घरी बसली नाहीत. तहसीलवर मोर्चे गेले, घेराव पडले. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढे दिल्लीनं ती देशभर नेली. पैसा उभा करायला १९७५ मध्ये शहरी नोकरदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. शहराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराला काम, इतकं सरळ धोरण.

तो कर आजही आहे. पगाराच्या पावतीवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० रुपये. रुळावर उन्हात उभा राहणारा ट्रॅकमन २,५०० भरतो. आमचे साहेबही २,५०० भरतात, आणि वर्षाला कोट्यवधी घेणारा मुंबईतला त्यांचा व्याही सुद्धा २,५०० च. याहून जास्त घ्यायला राज्यघटनेचं २७६ वं कलम मनाई करतं, आणि ही मर्यादा १९८८ नंतर बदललेली नाही. पुढच्या वेळी वरणबट्टीच्या पंगतीला कुणी हात जोडून बोलवायला आलं, की जेवायच्या आधी एवढं एकच विचारा: भाऊ, हे अडीच हजार तुम्ही कधी बदलणार?