मिक्सर घेण्यापूर्वी तारे कसे वाचावेत

पूर्वतयारी म्हणून चष्मा पुसावा, चहा टाकावा आणि आज मिक्सर ठरणार असल्याचे घरात जाहीर करावे. मग ऑनलाइन अभिप्रायांतल्या पाच तारेवाल्यांना दुरूनच नमस्कार करावा. तिथला नमुना साधारण असा : ‘अजून खोका उघडला नाही, पण वस्तू झकास. डिलिव्हरीवाला सज्जन.’ एक तारा देणारे म्हणतात, ‘आम्ही गावाला गेलो असताना पार्सल आले.’ या दोघांपैकी कोणीही ओल्या खोबऱ्याची चटणी वाटलेली नाही.

एकाच आठवड्यात डझनभर लोकांना एकाच शब्दांत साक्षात्कार झाला असेल, तर तारखा ताडून पाहाव्यात. मिक्सरखाली मोबाइलच्या कव्हराची स्तुती आढळली तरी दचकू नये. जुन्या मालाचे तारे तसेच ठेवून पानावर नवा माल चढवायची रीत आहे. ‘प्रत्यक्ष खरेदी’ या पाटीनेही विरघळू नये. खरेदी प्रत्यक्षच असते. विक्रेता मागाहून पैसे परत करतो, इतकेच.

आकड्यांनी दिपून जाण्याची सवय असलेल्यांनी डलिचचे स्मरण करावे. २०१७ साली लंडनच्या या भागात ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपली शेड हॉटेल म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझर या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर चढवली आणि मित्रांकडून तारीफ लिहून घेतली. फोटोंतल्या पदार्थांवर दाढीचा फेस होता. एकाही गिऱ्हाइकाच्या पानात घास पडण्याआधी हे हॉटेल लंडनमध्ये पहिले आले! टेबलासाठी फोन खणखणत होते, ते वेगळेच.

आपले सरकारही गाफील नाही. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले : लिहिणारा खरा आहे का ते तपासा, विकतचा मजकूर छापू नका. पाळणे मात्र ऐच्छिक. (प्रेशर कुकरला आयएसआय सक्तीचा आहे. शिट्टीची जबाबदारी मोठी.)

आता मुख्य काम. तीन ताऱ्यांत उतरावे आणि तिथे मुक्काम करावा. ‘मोटर दणकट, पण मोठ्या भांड्याचा वायसर सहा महिन्यांत सैल पडला, ताक ओट्यावर.’ या बाईंवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. हल्ली यंत्रेही अभिप्राय लिहितात, पण त्यांना ओटा पुसावा लागत नाही.

मिक्सर आला की खोक्याच्या तळाशी एक चकचकीत कार्ड निघेल : ‘पाच तारे द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप करा, १०० रुपये मिळवा.’ ते लगेच फाडू नये. नवा वायसर शंभरच्या आत येतो.