चाळीस यार्डांची कुंडली

दरवर्षी हिवाळा सरता सरता इंडियानापोलिसच्या बंदिस्त स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचे संघ होतकरू पोरांची परीक्षा घेतात. अंगाला चिकटलेले तोकडे कपडे, ना शिरस्त्राण ना अंगावर येणारा कोणी. पोरगा चाळीस यार्ड पळतो आणि त्या साडेचार सेकंदांवरून त्याची किंमत वरखाली होते. हाताच्या पंजाचीही मापे घेतात, पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींना लाजवेल इतक्या गांभीर्याने. २००० साली क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी ५.२८ सेकंदांत रखडत पोचला, संघांच्या वार्षिक निवडीत १९९वा उचलला गेला आणि पुढे सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकून बसला. २०१७ साली जॉन रॉसने ४.२२ सेकंदांचा विक्रम केला, सिनसिनाटीच्या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर उचलले. साऱ्या कारकिर्दीत त्याला झेलांवर हजार यार्डही जमले नाहीत.

दोन उदाहरणांनी शास्त्र बुडत नाही, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या बाबतीत वेग आणि पुढची कामगिरी यांचा थोडाफार मेळ अभ्यासकांनाही दिसला आहे. तिथली वैद्यकीय तपासणी तर हवीच. पण चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला सव्वाशे किलोंचा गडी अंगावर येत असताना मोकळा साथीदार हेरायचा असतो, आणि ते उडीचे इंच मोजून कळत नाही. शिवाय पोरे आता खास शिकवणी लावून याच कवायती घोटतात, म्हणजे मोजली जाते ती शिकवणी. तरी घड्याळ काही सुटत नाही, कारण निवड फसली की मालकापुढे आकडा ठेवता येतो. ‘मला तसं वाटलं’ म्हणणाऱ्याची नोकरी जाते.