हादरा आला तेव्हा किती वाजले होते?

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत जमीन हादरू लागली. धुंदलवाडीकडे लोक रात्री तंबूत झोपू लागले, हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने यंत्रं बसवली, आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या माझ्याही अंगात शास्त्रज्ञ संचारला. हादरा टिपणारा सेन्सर आणि अर्डुइनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घालून दोन डबे केले. एक डहाणूत माझ्याकडे, दुसरा तलासरीत आत्याकडे. हादरा कुठे आधी पोचला ते पाहायचं, की केंद्र कुठल्या अंगाला ते कळणार. पहिली लाट सेकंदाला पाच-सहा किलोमीटर धावते. घड्याळ सेकंदभर चुकलं तरी केंद्र शेजारच्या गावात जातं.

सेकंदाला १०० नोंदी हव्यात म्हणून अर्डुइनोचा टायमर-१ लावला. १६ मेगाहर्ट्‌झला ६४ ने भाग, म्हणजे अडीच लाख ठोके. दर २५०० ठोक्यांना इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणारी हाक. मोजणी शून्यापासून असते, म्हणून रजिस्टरात २४९९ लिहायचं. तिथे २५०० लिहिलं तर दिवसाला ३५ सेकंद मागे. हे ज्ञान मला अर्थातच २५०० लिहून झालं.

सेन्सरही इंटरप्टच्या आतच वाचायला घेतला. डबा ठप्प. आत शिरल्यावर बाकीचे इंटरप्ट बंद होतात, आणि त्या सेन्सरची लायब्ररी इंटरप्टचीच वाट बघते. आतून कडी लावून बाहेरच्याला ‘दार उघड’ म्हणण्यातला प्रकार. शेवटी इंटरप्टात नुसता झेंडा वर करायचा आणि वाचन मुख्य लूपवर सोपवायचं, असं ठरलं.

तरी दोन डब्यांचं पटेना. या बोर्डावर मायक्रोकंट्रोलरला ठोका देतो तो सिरॅमिक रेझोनेटर. तो अर्धा टक्का हलला, तर दिवसाची सात मिनिटं होतात. माझ्या वहीत धुंदलवाडीचा हादरा अडीच हजार किलोमीटरवर, थेट ब्रह्मदेशात निघाला. चहाच्या टपरीवर त्या दिवसापासून मला ‘रंगूनवाले’ म्हणतात.

मग डीएस३२३१ ही घड्याळाची चिप घेतली. दिवसाला फार तर सेकंदाचा पाचवा हिस्सा चुकते. तिच्या दर सेकंदाच्या ठोक्यावर टायमर जुळवला. डबे एकमेकांशी बोलल्यासारखे चालू लागले.

आणि एका पहाटे खणखणीत हादरा आला. डहाणूच्या डब्यात सुरेख रेघ उमटली. धावत तलासरी गाठली. तिथली नोंद मध्यरात्रीच संपली होती, मिलिसेकंदापर्यंत अचूक.

“मोबाइल लावायचा होता रे, तुझी पिन काढली,” आत्या म्हणाली. “हादऱ्याचं मला विचार ना. मी जागीच होते.”

“किती वाजले होते?”

“घड्याळ कोण बघतंय तेव्हा? बाहेर पळायचं की!”