वायरिंगवाला

मोटारगाडी दुरुस्त करणाऱ्यांची घराणी दोन: मेकॅनिक आणि वायरिंगवाला. मेकॅनिक गाडीखाली असतो आणि कोपरापर्यंत काळा असतो. वायरिंगवाला गाडीच्या आत असतो, डोके स्टिअरिंगखाली आणि पाय सीटच्या पाठीवर, आणि त्याचा फक्त अंगठा व तर्जनी काळी असते. तिसरी खूण दातांची. वायरवरचे प्लास्टिक तो पुढच्या दोन दातांनी सोलतो. वीसेक वर्षांत त्या दातांना बारीक खाच पडते आणि तीच त्याची पदवी. आयटीआयचे प्रमाणपत्र असलेच तर ते घरी देवघराच्या वर लावलेले असते. दुकानात बॅटरीच्या कंपनीचे मागच्या वर्षीचे कॅलेंडर असते.

सिंदेवाहीत हा माणूस मूल-नागभीड रस्त्याच्या कडेला सापडतो. टिनाचे छप्पर, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग, खिळ्याला टांगलेली रंगीत वायरची भेंडोळी, आणि बसल्या जागेवरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर चहाची टपरी. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिकल्स’ लिहिलेले असते, पण ते नाव पाटी रंगवणाऱ्यानंतर कोणी वाचलेले नसते. ट्रॅक्टरचा हॉर्न, धानाच्या पोत्यांनी भरलेल्या पिकअपचा इंडिकेटर, शाळेच्या व्हॅनचा वायपर, सगळे त्याच्याकडे येते. ताडोब्याच्या बाजूने येणाऱ्या उघड्या जिप्सीविषयी मात्र त्याला फारसा आदर नाही. जिला धड छप्पर नाही, तिच्या दाराच्या कुलपाला काय अर्थ!

कारण त्याची खरी कसोटी लागते ती दाराच्या लॉकच्या मोटरीत. हेडलाइट लागला की नाही हे कोणालाही दिसते. लॉकची मोटर असते दाराच्या पोटात, पुठ्ठ्याच्या आणि पन्नीच्या मागे, आणि बिघडली की सांगते फक्त आवाजाने.

वस्तू तशी साधी आहे. अंगठ्यापेक्षा थोडी जाड, बारा व्होल्टची मोटर. तिच्या टोकाला प्लास्टिकच्या गराऱ्या. गराऱ्यांना जोडलेली दांडी. मोटर अर्धा सेकंद फिरते, दांडी जेमतेम पाऊण इंच सरकते आणि लॉक पडते. उघडायचे असेल तेव्हा त्याच दोन वायरींत प्लस-मायनसची अदलाबदल होते, मोटर उलटी फिरते, दांडी मागे येते. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये डायवरच्या दारातल्या मोटरीला पाच वायर असतात आणि बाकीच्या तिघींना दोन. जास्तीच्या तीन वायर बातमी नेण्यासाठी: डायवरचे लॉक पडले हे त्या कंट्रोल युनिटच्या डबीला कळवतात आणि डबी उरलेल्या तीन दारांना कामाला लावते. हे काम वायरिंगवाला गिऱ्हाइकाला एका वाक्यात समजावतो: ‘डायवरचं दार सासू हाये, बाकीच्या तीन सुना.’

इतिहासाशी त्याचा संबंध नाही, पण इतिहास आहे. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने 1956 मध्ये दारांना विजेची लॉके दिली, तेव्हा ती मोठ्या लोकांची चैन होती. भारतात 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 मध्ये प्रत्येक दाराची खुंटी बोटाने दाबावी लागे, आणि मागच्या सीटवरून ‘माझी दाबली’ अशी खबर येईपर्यंत बापमाणूस गाडी सोडून हलत नसे. पुढे बाजारात किट आले: एक डबी, चार मोटरी, दोन रिमोट. मूळ गाडीत नसलेली श्रीमंती एका दुपारी बसवून देणारा माणूस म्हणून वायरिंगवाल्याचे वजन वाढले ते तेव्हापासून.

नावांच्या बाबतीत हा मुलूख स्वतंत्र आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेल्या धानाला घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले आणि तो तांदूळ त्याच नावाने देशभर गेला. तिथे मोटारीच्या सामानाला छापील नावे कशी टिकावीत? कंट्रोल युनिट ही डबी, डोअर पॅड हा पुठ्ठा, गिअर ही गरारी आणि गाडीची डावी बाजू ही कंडक्टर साइड. पाच माणसांच्या आल्टोत कंडक्टर कुठून आला, हे कोणी विचारत नाही.

निदानाला सुरुवात होते ती चहा संपल्यावर.

‘काय झालं जी काकाजी?’

‘मागचं दार उघडत नाही मिस्त्री. कालपर्यंत बराबर होतं.’

‘कोनतं मागचं? डायवर साइड का कंडक्टर?’

मग तो रिमोट हातात घेतो, दाराला कान लावतो आणि बोट वर करून टपरीवरच्या मंडळींना गप्प करतो. निरोगी मोटर ‘टक्’ म्हणते. आतून ‘टिक्’ असा कोरडा आवाज आला, तर रिले वाजतो आहे पण मोटर हलत नाही. ‘घर्र’ म्हणजे मोटर फिरते, पण गरारीचे दात झडले आहेत. चारही दारे भूत लागल्यासारखी ‘टकटकटक’ करू लागली तर सासूच्या दारातला स्विच बिघडलेला. आणि काहीच ऐकू आले नाही, कोणत्याच दारातून, तर फ्यूज. फ्यूज निघाला की तो खिन्न होतो. वीस रुपयांचेही काम नाही, आणि एवढी माणसे जमवून ठेवलेली.

बसून ऐकणाऱ्यांचीही मते असतात. एक जण बॅटरीवर संशय घेतो. दुसरा ‘माझ्या साळ्याच्या गाडीचं असंच झालं होतं’ अशी सुरुवात करून गाडी विकली इथपर्यंत येतो. वायरिंगवाला कोणालाच खोडून काढत नाही. तो टेस्ट लॅम्प काढतो: दोन वायर लावलेला एक इंडिकेटरचा बल्ब. मोटरीचा जोड सुटा करून त्यात हा बल्ब अडकवला आणि रिमोट दाबला की प्रश्न मिटतो. बल्ब क्षणभर चमकला तर वायर शाबूत, दोष मोटरीचा. नाही चमकला तर मोटर बिचारी निर्दोष, वीजच तिच्यापर्यंत पोचत नाही. मल्टिमीटर त्याच्याकडे असतो, तो शहरातून आलेल्या गिऱ्हाइकासाठी.

वीज पोचत नसेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा जागा एकच. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये रबराची पन्हळीदार नळी असते, तिच्यातून सगळ्या वायरी जातात. दार उघडताना आणि लावताना त्या दर वेळी वाकतात. काही वर्षांनी वरचे प्लास्टिक जसेच्या तसे आणि आतले तांबे तुटलेले. अशा गाडीचे लॉक दार सताड उघडे असताना उत्तम चालते आणि दार लावले की बंद पडते. मालकाला हा देवाचा कोप वाटतो. वायरिंगवाला नळी मागे सारतो, वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढतो. तुटलेली वायर रबरासारखी ताणते. या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पैशाचा नसतो.

त्यानंतर तो हमखास एक प्रश्न विचारतो. जुन्या जोडावरची टेप उकलत, मान हलवत, सगळ्यांना ऐकू जाईल असा: ‘हे काम कोनी केलं जी?’ आधीच्या माणसाचे अज्ञान सिद्ध केल्याशिवाय नवे काम सुरू करायचे नाही, हा या धंद्याचा शिरस्ता आहे. अडचण एवढीच की सिंदेवाही लहान आहे. टेप लाल असते, आणि लाल टेप गावात एकच माणूस वापरतो. गिऱ्हाईक हे सांगत नाही, नुसते त्याच्याकडे पाहते. वायरिंगवालाही क्षणभर टेपकडे पाहतो आणि म्हणतो, ‘तेव्हा सामानच चांगलं नव्हतं येत.’

पुठ्ठा काढणे हा कामाचा गोंगाटाचा भाग. हँडलचा स्क्रू, काचेच्या बटणाची प्लेट, मग कडेला पेचकस घालून झटका. पुठ्ठ्याला प्लास्टिकच्या दहा-बारा क्लिपा असतात आणि त्यांतल्या तीन तुटतात. ‘त्या जुन्याच होत्या’ हे वाक्य तो तुटण्याच्या आधीच म्हणायला सुरुवात करतो. दार बंद अवस्थेत अडकले असेल तर काम अवघड, कारण काही गाड्यांत पुठ्ठा सोडवायच्या जागा बंद दाराच्या कडेला दडलेल्या असतात. अशा वेळी दुकानातल्या पोट्ट्याला डिकीतून आत सोडतात. पोट्टा सडपातळ असणे ही त्याच्या नेमणुकीची एकमेव अट. तो सीटवरून सरपटत जातो, आणि बाहेरून येणाऱ्या सूचनांच्या बरोबर उलटे करून दार उघडतो.

दाराच्या पोटात गाडीचे चरित्र असते. काचेच्या फटीतून वर्षानुवर्षे जे आत गेले ते तळाशी साचलेले: धानाचा कोंडा, तणसाच्या काड्या, बिडीची थोटके, लग्नपत्रिकेचा कोपरा, वाळून मनुक्यासारखे झालेले मोहफूल. तळाला पाणी वाहून जायला बारीक भोके ठेवलेली असतात. कोंडा आणि चिखल मिळून ती बुजवतात. मग रोवणीच्या दिवसांत दारात पाणी साठते, आणि त्याच्या ओलीत राहून मोटर गंजते. एखाद्या वेळी धान खरेदी केंद्राची पावतीही निघते, जिच्यावरून घरात दोन वर्षांपूर्वी भांडण झालेले असते. गिऱ्हाईक ती घडी करून खिशात ठेवते आणि लॉकविषयी थोडा वेळ काही बोलत नाही.

मोटर बाहेर आली की ती हातात घेऊन वायरिंगवाला उकिडवा बसतो. प्लास्टिकचे कवच कारखान्यातच चिकटवून बंद केलेले असते, म्हणजे ते उघडायचे नाही असा कारखान्याचा आग्रह. तो हॅक्सॉ ब्लेडने शिवणीवर चीर देतो. आत वाळून मेणासारखे झालेले ग्रीस, काळी कार्बनची भुकटी, आणि तांब्याच्या वर्तुळावर झिजलेले दोन कार्बन. भुकटी पेट्रोलच्या चिंधीने पुसली, वर्तुळावर कागदी पॉलिशपेपर फिरवला, ग्रीस नवे भरले, की निम्म्या मोटरी उठून बसतात. आतली मोटरच जळाली असेल तर तिच्या अंगावर बारीक अक्षरांत क्रमांक असतो, बहुधा एफसी-280, आणि त्या मापाची मोटर नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पार्सल येते. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर बसवून पाहण्याचा प्रयोग त्याने केलेला आहे. ती फिरली, पण दांडी ओढण्याइतका दम तिच्यात नव्हता; गाणी म्हणण्यातच तिचे आयुष्य गेले होते.

गरारीचे दात झडले असतील तर ती सुटी कुठे मिळत नाही, आणि इथे जुगाडाचा प्रांत सुरू होतो. फेविक्विक आणि खाण्याचा सोडा एकत्र पडले की क्षणात दगडासारखे घट्ट होते. त्याचे दात पाडून, कानशीने घासून तो गरारी उभी करतो. ती किती टिकेल या प्रश्नाला त्याचे उत्तर ठरलेले: ‘टिकते न जी.’ तेही न जमल्यास शेवटचा उपाय म्हणजे दांडी सोडवून टाकणे. ते दार पुन्हा मारुती 800 च्या काळात जाते, हाताने उघडते, हाताने लागते. ‘तीन दारं तर रिमोटवर हायेत,’ तो सांगतो, आणि चारातून एक वजा केल्यावर तीन उरतात, यावर गिऱ्हाइकाला वाद घालता येत नाही. गंमत अशी की 1 जुलै 2019 पासून देशातल्या नव्या मोटारींना सेंट्रल लॉक हाताने उघडण्याची सोय सक्तीची झाली. वायरिंगवाला ती सोय त्याआधी कितीतरी वर्षे देत होता, फक्त तिला सोय म्हणत नव्हता.

गर्दीचे दिवस ठरलेले. पावसाळा सांगितलाच. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो. रात्रभर नाटक चालते, बांधीत उभ्या केलेल्या गाडीचे दार अर्धवट लागलेले राहते, आतला दिवा पहाटेपर्यंत जळतो, बॅटरी बसते आणि नाटक पाहून डोळे लाल झालेला माणूस मेलेला रिमोट दाबत बसतो. उन्हाळ्यात लग्ने. फुलांनी मढवलेल्या गाडीत नवरी, मांडवासमोर बँड, आणि दार आतून उघडत नाही, बाहेरूनही नाही. नवरी पुढच्या सीटवरून उतरवावी की नाही यावर दोन्हीकडच्या मामाजींचे एकमत होत नाही. वायरिंगवाल्याला मोटरसायकलवर बसवून आणतात. तो लॉकच्या कडेवर तळहाताने एकदा जोरात मारतो, दार उघडते. या प्रहाराचे शास्त्र आहे: अडकलेला कार्बन हादऱ्याने सुटतो. मांडवात मात्र तो चमत्कार म्हणून नोंदला जातो आणि त्याला पहिल्या पंगतीत बसवतात.

एका बाबतीत तो कधी जुगाड करत नाही. चार दारांपैकी डायवरचे दार तो आधी घेतो, त्यात नवी मोटर टाकतो, आणि गिऱ्हाईक ‘ते राहू द्या, मागचं करा’ म्हणाले तरी ऐकत नाही. सिंदेवाहीतून कोणत्याही दिशेला निघाले तरी थोड्या वेळात जंगल लागते. दिवस मावळल्यावर त्या रस्त्यावर कोणी खाली उतरला, तर परत येताना गाडीला वळसा घालून कंडक्टर साइडने आत शिरायची वेळ त्याच्यावर येऊ नये. वाघाचे नाव तो घेत नाही. ‘डायवरचं पहिले’ एवढेच म्हणतो आणि कोणी कारण विचारत नाही.

वेळेचे त्याचे माप एक आहे: पाच मिनिटे. ‘बसा जी, पाच मिन्टात होते.’ ही पाच मिनिटे सकाळी सुरू झाली तर गोंदियाकडची गाडी स्टेशनातून गेल्यावर संपतात, कोणती गाडी ते विचारायचे नसते. काम झाले की तो रिमोट अकरा-बारा वेळा दाबतो. टक्, टक्. मग मालकाच्या हातात देतो, मालक पाच वेळा दाबतो. मग पोट्टा.

पुठ्ठा बसवल्यावर एक स्क्रू आणि दोन क्लिपा उरतात. त्या कुठल्या, याची चर्चा होत नाही. तो त्या पत्र्याच्या डब्यात टाकतो, जिथे गेल्या वीस वर्षांतल्या गाड्यांचे उरलेले भाग शांतपणे एकत्र राहतात. पैशांचे बोलणे शेवटी, उभ्याउभ्या, दुसरीकडे पाहत होते. गिऱ्हाईक शेतकरी असेल तर हिशेब धान विकेपर्यंत थांबतो. हिशेबात माणसाचे नाव नसते. तो बॅटरीच्या रिकाम्या खोक्यावर पेनाने लिहितो: पांढरी बोलेरो, मा. कं. साइड, मोटर जुनी साफ केली, साडेतीनशे, धानानंतर.