चढताना तुम्ही बोला

पर्वतीला 103 पायऱ्या आहेत. हत्तींनाही चढता यावं अशा बेतानं त्या रुंद आणि ठेंगण्या केल्यात, असं सांगतात. हत्तींचं काय व्हायचं कोण जाणे. पण निवृत्त माणसाला तिसाव्या पायरीपर्यंत मत मांडता येतं, साठाव्या पायरीपर्यंत त्याला उदाहरण देता येतं आणि ऐंशीव्या पायरीनंतर नुसते हातवारे करता येतात. हे मी अण्णांकडे बघून शिकलो.

अण्णा मूळचे कोल्हापूरचे. तीस वर्षं घाटातून एस.टी. चालवली. मी बँकेतला. गेली अकरा वर्षं रोज सकाळी सहाला आम्ही पायथ्याशी भेटतो आणि या अकरा वर्षांत आमचं एकमत झालं ते एकदाच: चहा पूर्वीसारखा राहिला नाही, यावर. त्या दिवशी चार मिनिटांत गप्पा संपल्या. उरलेला वेळ दोघंही वरून पुणं बघत बसलो. पुणंही पूर्वीसारखं राहिलं नाही, असं मी म्हणणार होतो. पण तेही त्यांना पटलं तर काय घ्या, म्हणून घाईघाईनं देवाचा विषय काढला.

हा आमचा हक्काचा विषय. अण्णा देवदेवेश्वराच्या दर्शनाला आत जातात, मी बाहेर त्यांच्या चपलांपाशी बसतो.

“देव नाही म्हणतोस, मग रोज इथं बसून राखण कुणाची करतोस?”

“चपलांची. त्या आहेत याला पुरावा आहे.”

मग ते माझ्या हातावर खडीसाखर ठेवतात. ही मी साखर म्हणून खातोय, प्रसाद म्हणून नव्हे, असं मी दर वेळी बजावतो. “देवाला चालतंय रे,” अण्णा म्हणतात, “तुझ्या डॉक्टरला विचार.”

सुरुवातीची तीन वर्षं मी एक डाव खेळलो. पहिल्याच पायरीवर त्यांना अवघडसा प्रश्न टाकायचा आणि आपण गप्प चढायचं. ते उत्तर देत धापा टाकत वर पोचायचे, मी ताजातवाना. युक्तिवाद त्यांचा, विजय माझा. चौथ्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं. घाटात गाडी चालवलेला माणूस; चढावर गिअर कोण बदलतोय हे त्याच्यापासून फार काळ लपवता येत नाही. तेव्हा तह झाला: चढताना एक दिवस त्यांनी बोलायचं, एक दिवस मी. म्हणजे ज्याची पाळी त्याच्याकडे श्वास नाही, आणि ज्याच्याकडे श्वास आहे त्याची पाळी नाही. दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायला मी या पायऱ्यांवर शिकलो. घरी एवढ्या पायऱ्या नाहीत, अशी बायकोची तक्रार आहे.

अण्णा टिळकांचे, मी आगरकरांचा. ते दोघे डेक्कन कॉलेजापासूनचे मित्र. 1881 मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याचे संपादक आगरकर होते. 1882 मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. प्रकरण कोल्हापूरचं, म्हणून ते सगळे दिवस अण्णा आपल्या गावाच्या खात्यावर जमा करतात. पुढे पटेना, 1887 मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, वर्षभरात ‘सुधारक’ निघाला आणि दोन मित्रांचं भांडण महाराष्ट्रानं वर्गणी भरून वाचलं. 1895 मध्ये आगरकर गेले, तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

इथवर आलं की अण्णा म्हणतात, “बघ, टिळकांचं मन.” मी म्हणतो, “बघा, आगरकरांची योग्यता.” मग दोघंही जरा वेळ गप्प बसतो.

माझं आपलं मत असं, की तुरुंगात मतभेद झाले तरी मैत्री निभावली. दोन छापखाने झाले आणि बिनसलं. आमची टिकली, कारण आमच्यापैकी कुणाकडेच छापखाना नाही. आताच्या मुलांची काळजी वाटते. प्रत्येकाच्या खिशात छापखाना आणि अंगठ्याला दम म्हणून लागत नाही.

मतदानाचंही असंच. माझं मत अण्णांचं मत खोडतं, त्यांचं माझं. म्हणून गेल्या वेळी अण्णांनीच सुचवलं, “दोघंही नको जाऊया. उन्हात कशाला तडफडायचं? हिशेब तोच.” मला पटलं. दुपारी केंद्रावर गुपचूप गेलो, तर रांगेत पुढं अण्णा. दोघांनाही एकमेकांना जाब विचारता येईना. मग मिसळ खायला गेलो. ती त्यांच्या मते मिसळ नव्हती, पथ्य होतं.

खरा घोटाळा झाला तो परवा, एका लग्नात. पंगतीत शेजारचे गृहस्थ म्हणाले, “देव मानणाऱ्यांनी डोकं गहाण टाकलेलं असतं.” हे शब्दशः माझं मत. अकरा वर्षं मी तेच सांगतोय. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते असं शिळं लागलं की मी जिलेबी बाजूला ठेवली आणि म्हणालो, “तसं नाही. माझे एक स्नेही एस.टी. चालवायचे. घाटाच्या तोंडाशी नारळ फोडायचे, पण ब्रेक तपासूनच. नारळ ब्रेकसाठी नसतो हो. ब्रेक चांगला आहे हे माहीत असूनही ज्याचे पाय थरथरतात, त्याच्यासाठी असतो.”

गृहस्थ म्हणाले, “तुम्ही फारच धार्मिक दिसता.”

अकरा वर्षांत अण्णांनी मला इतकं हरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पायथ्याशी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, पाठीवर थाप पडेल. अण्णा थांबले. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

“चूक सांगितलंस लेका. आधी नारळ, मग ब्रेक. सगळा मुद्दाच त्यात आहे.”

“कसा काय?”

ते पहिल्या पायरीवर चढले आणि वाट बघत उभे राहिले. त्या दिवशी पाळी माझी होती.

“बरं,” मी म्हटलं, “चढताना तुम्ही बोला.”