रंगाचा महिना

चेन्नईत भाड्याचं घर सोडताना हिशेबाचा एक कागद हातात पडतो. वर शेवटचं ईबीचं, म्हणजे विजेचं बिल, मग पाण्याच्या लॉरीतला वाटा, मेंटेनन्स, आणि सगळ्यात खाली, जणू देवाचं नाव लिहावं तशी, एक ओळ : पेंटिंग, एक महिन्याचं भाडं. दहा वर्षं राहिलेल्याच्या कागदावर ही ओळ असते आणि अकराव्या महिन्यात बदली झालेल्याच्याही. तुम्ही भिंतीला खिळा ठोकला की नाही, कॅलेंडर लावलं की नाही, पोरानं खडूनं हत्ती काढला की नाही, या चौकशीत मालक पडतच नाही. तो माणूस समदर्शी आहे.

वाद घालायची सोय नसते, कारण पैसे आधीच त्याच्याकडे असतात. वेळाचेरीत दोन बेडरूमचा फ्लॅट पंचवीस हजारांना मिळाला असं धरा. अ‍ॅडव्हान्स दहा महिन्यांचा, म्हणजे अडीच लाख. सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला साडेसतरा हजार व्याज. ते मालकाचं. दोन वर्षं राहिलात की पस्तीस हजार त्याच्या खिशात, आणि निघताना रंगाचे पंचवीस वेगळे. बँक कर्ज देताना कर्जदाराची कुंडली बघते. इथे कर्ज देणाऱ्याचीच बघतात : नोकरी कुठे, लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, रात्री किती वाजता परतता.

भाड्याच्या घरांसाठी राज्याचा कायदा आहे. २०१७चा, २०१९च्या फेब्रुवारीपासून लागू. त्यात लिहिलंय की तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेणं बेकायदा. फक्त वाक्याच्या आरंभी मोजके शब्द आहेत, ‘वेगळा करार नसेल तर’ अशा अर्थाचे. चोरी करू नये, वेगळं ठरलं नसेल तर! त्याच कायद्याच्या परिशिष्टात कोणती डागडुजी कुणी करायची याची यादी आहे. नळाचा वॉशर, दिव्याचं बटण, खिडकीची काच भाडेकरूकडे. भिंतींची सफेदी आणि दारंखिडक्यांचा रंग मालकाकडे. पुन्हा वाचा, मालकाकडे. अर्थात तिथेही ‘करारात वेगळं ठरलं असेल तर तसं’ आहेच, आणि आपल्या करारात ते ठरलेलं असतंच. तो करार कोण लिहितं, हे सांगायला नको.

पण माझा जीव अडकलाय तो त्या रंगात. तो जातो कुठे? एका भिंतीचा विचार करा. समजा १९९५ची इमारत, तिरुवान्मियूरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेनं प्लास्टर फुगतं, पापुद्रे सुटतात, आणि तो भाडेकरूचा हलगर्जीपणा ठरतो. एक बिऱ्हाड गेलं, रंगाचा महिना भरून गेलं. दुसरं आलं, गेलं, भरून गेलं. तिसरं, चौथं, आठवं, बारावं. कागदोपत्री त्या भिंतीवर आजवर बारा वेळा रंग चढला. इतके थर खरोखर बसले असते तर एव्हाना हॉल आक्रसून सोफा बाल्कनीत गेला असता, आणि मालकानं भिंती जाड झाल्या म्हणजे बिल्ट-अप वाढलं, असं म्हणून भाडंही वाढवलं असतं. प्रत्यक्षात भिंत तीच, पिवळट, स्विचभोवती काळी, आणि दाराच्या मागे १९९५च्या पोराची उंची पेन्सिलीनं नोंदलेली. ते पोरगं आता स्वतः कुठेतरी रंगाचा महिना भरत असेल. या शहरात घरं खरोखर रंगवली जातात ती एकाच निमित्तानं. २०१५च्या डिसेंबरात पाणी शिरलं, २०२३च्या डिसेंबरात मिचाँग वादळानं पुन्हा शिरलं, आणि तळमजल्यांच्या भिंतींवर कमरेच्या उंचीची एक चिखलाची रेघ राहिली. ती रेघ मात्र झटपट गायब झाली. तिच्यावर दोन हात चांगल्या कंपनीचा रंग बसला, गेटवर ‘टू-लेट’ची पाटी लागली आणि ‘इथे पाणी भरतं का?’ या प्रश्नाला ‘नेव्हर, सर’ हे उत्तर तयार झालं.

आणि ज्यांना हा रंगाचा महिना भरायचीही संधी मिळत नाही, त्यांचं काय? ‘ओन्ली व्हेजिटेरियन’ ही पाटी मैलापूर-मांबळमकडे निवांत लटकते. अंड्यानं कोणत्या भिंतीचा रंग उडतो, हे एकदा कुणीतरी प्रयोगशाळेत तपासून सांगावं. पण पाटीचा रोख अंड्यावर नसतोच, आडनावावर असतो. फोनवर ‘येस, अव्हेलेबल’ म्हणणारा माणूस मुसलमान नाव ऐकलं की ‘आत्ताच गेलं’ म्हणतो, आणि पाटी पुढे महिनाभर तशीच. दहा महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स रोख घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याची जात, धर्म, नवरा नसणं यावरून दारातून परत पाठवायचं आणि वर ‘फॅमिली एरिया आहे’ म्हणायचं, याला शालीनता म्हणत नाहीत, निर्लज्जपणा म्हणतात. पैसा कुणाचाही चालतो, असा या शहराचा एक तरी सरळ दुर्गुण असता तर बरं झालं असतं.

आपण महाराष्ट्रातल्यांनी फार नाक वर करू नये. पागडी नावाची चीज आपण १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात सन्मानानं बसवून ठेवली आहे, आणि पुण्यातल्या सोसायट्यांचा बॅचलरांविषयीचा जिव्हाळा जगजाहीर आहे.

‘त्यापेक्षा विकत घे’ म्हणणारे असतातच. इथे जमीन ग्राउंडात मोजतात, एक ग्राउंड म्हणजे चोवीसशे चौरस फूट. फ्लॅटवाल्याच्या वाट्याला त्यातला अविभाजित हिस्सा येतो, म्हणजे जमीन आपली, पण कुठली ते विचारायचं नाही. आमच्या एका सांगलीकर मित्रानं मेडवाक्कमला घेतला असा फ्लॅट. इतकी वर्षं रंगाच्या महिन्यावरून घरमालकांचा उद्धार करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. कर्जाचा हप्ता झेपेना म्हणून त्यानं तो भाड्यानं दिला. करार मी वाचला : अ‍ॅडव्हान्स दहा महिने, पेंटिंग एक महिना.

“अरे, निदान आत्ता तरी रंग देऊन घे,” मी म्हटलं.

“आत्ता कशाला? ते लोक राहायला येणार, खराब करणार. सोडून गेले की बघू.”

“आणि सोडून गेले की?”

“रिकाम्या घराला रंग देऊन बघणार कोण?”