निळ्या खुणांचे नीतिशास्त्र

पत्र टपालात गहाळ झाले असावे, या सर्वमान्य सबबीच्या आश्रयाने उत्तर देण्याचा आळस पिढ्यानुपिढ्या सुखेनैव जोपासणाऱ्या आपल्या समाजावर २०१४ साली व्हॉट्सॲपने, निरोप वाचला गेल्याची ग्वाही देणाऱ्या दोन निळ्या खुणांची पोहोच लादली, तेव्हा आता सत्ययुग अवतरणार अशी भाबड्यांची अटकळ होती. प्रत्यक्षात माणसे सत्यवचनी न होता केवळ सावध झाली. कोणी त्या खुणाच बंद केल्या, तर कोणी निरोप न उघडता पडद्यावरील सूचनेतूनच तो वाचण्याची विद्या हस्तगत केली. स्वतःची खूण लपवणाऱ्यास इतरांचीही दिसू नये, हा कंपनीचा दंडक मात्र धर्मशास्त्रास शोभेल असा आहे. एकंदरीत, यंत्राने आपला खोटेपणा नाहीसा केला नाही. टपालखात्याची नाहक बदनामी तेवढी थांबवली.